पोरांना वारा लागेल

गवरिलोच्या घराला गाव 'व्हिएन्ना' म्हणायचं. ते कौतुकाने म्हणतात असं समजणारा सगळ्या गावात एकटा गवरिलोच.

म्लावा नदीच्या या काठाला तीन मजली घरांचा तोटा नाही. लोकांनी तीस-तीस वर्षं परमुलखात राबून एकावर एक मजले चढवले, फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले, आणि आत राहायला उरली एखादी म्हातारी आणि तिचं मांजर. गवरिलोने सिंह बसवले नाहीत. "सिंह काय अंथरूण गरम करतात?" म्हणायचा. चौतीस वर्षं त्याने व्हिएन्नातल्या हॉटेलांच्या छतात पोटावर सरपटत हवेचे डक्ट जोडले होते. पेन्शन घेऊन परतला तो ते सगळं ज्ञान घेऊनच. दोन उन्हाळे एकट्याने खपून त्याने आपल्या घरात तीच व्यवस्था बसवली. परसात एक मोठं यंत्र, हिवाळ्यात गरम हवा फेकणारं, उन्हाळ्यात गार. तिथून पत्र्याचे डक्ट भिंतीतून वर गेलेले, प्रत्येक खोलीत आणि कॉरिडॉरमध्येही छताजवळ जाळी. आणि प्रत्येक मजल्याच्या तोंडाशी एक झडप, म्हणजे ज्या मजल्याला हवी त्याच मजल्याला हवा. याला तो 'झोन' म्हणायचा. गावात अजून लाकडाच्या शेगड्या पेटत होत्या आणि हा झोनच्या गोष्टी करत होता. नाकापेक्षा मोती जड, असं लोक म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

जिन्याखाली फलक होता. फलकावर तीन खटके, आणि प्रत्येकाखाली गवरिलोने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती. तळमजल्याला 'आम्ही'. पहिल्याला 'स्लाविशा'. दुसऱ्याला 'दालिबोर'. ही त्याच्या दोन पोरांची नावं. दोघंही व्हिएन्नात, बायका-मुलांसकट, आणि तिथून हलायचा दोघांचाही विचार नव्हता. हे गवरिलोला माहीत होतं. तरीही मजले त्यांचे होते.

असं का, ते कळायला मागे जावं लागेल. गवरिलो आणि त्याची बायको फ्लोरिका कामाला गेली तेव्हा पोरं लहान होती. आमच्याकडे सगळ्यांनी केलं तेच त्यांनी केलं. पोरं आजीकडे ठेवली आणि वर्षातून दोनदा चॉकलेटं घेऊन यायला लागली. तेव्हा याच जागेवर जुनं घर होतं, त्यात शेगडी एकच, तीही आजीच्या खोलीत. एका नाताळात ती दोघं न कळवता पोचली. मागच्या खोलीत पोरं झोपलेली, डोक्याला टोपी, हातात मोजे, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची फुलं. सहा वर्षांचा दालिबोर जागा झाला आणि त्याने पहिलं काय विचारलं, तर, "बाबा, तुमच्याकडे भिंतीतून ऊब येते, खरं का?"

फ्लोरिका त्या खोलीतून बाहेर गेली आणि अंगणात उभी राहून रडली. पोरांना बरोबर न्यायचं ठरलं. न्यायला मात्र आणखी पाच वर्षं गेली, कारण व्हिएन्नात त्यांची स्वतःचीच खोली चार माणसांत वाटलेली होती. ती पाच वर्षं गवरिलोच्या घशात कायमची अडकून बसली. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पोरांनी त्याच्या घरात येऊन एकदा, नुसत्या सदऱ्यावर, उबेत झोपावं.

*

फ्लोरिकाला मात्र ती व्यवस्था पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

"छतातून मानेवर वारा सोडणार? लोक प्रोमाया टाळायला फटी बुजवतात, आणि तू ती व्हिएन्नाहून विकत आणलीस?"

प्रोमाया म्हणजे समोरासमोरच्या दोन फटींतून घरात शिरणारा झोत. आमच्या बायकांना विचाराल तर लढाईत आणि साथीत मिळून गेली नसतील एवढी माणसं या झोताने नेली. कानदुखी, दातदुखी, आखडलेली मान, वाकडं झालेलं तोंड, मूल न होणं, सगळ्याचं कारण एकच. बसमध्ये खिडकी उघडणाऱ्याला इथे शिव्या पडतात, मग बाहेर कितीही ऊन असो.

"अगं, हा गरम वारा आहे," गवरिलो म्हणायचा.

"वारा तो वारा. भूत गरम असलं म्हणून काय देव होतं?"

"चौतीस वर्षं व्हिएन्नात या वाऱ्याखाली झोपलीस. मेलीस?"

"तिथे घर माझं नव्हतं, बोलायची सोय नव्हती. इथे बोलणार."

बोलायची ती बोलायची आणि डोक्याला रुमाल बांधून स्वैपाक करायची. गवरिलो वैतागायचा, पण मनातून सुखावलेला असायचा. भांडायला बायको घरात होती.

मग एका ऑगस्टमध्ये स्लाविशा चार दिवसांसाठी आला, बायको आणि सात वर्षांची लेना घेऊन. बाहेर डांबर वितळत होतं आणि वरच्या मजल्यावर कसं गारेगार! गवरिलो दिवसातून दहा वेळा जिन्याखाली जाऊन 'स्लाविशा' लिहिलेल्या खटक्याकडे बघून यायचा. तिसऱ्या दिवशी लेनाचा कान दुखायला लागला. फ्लोरिकाने तिच्या कानाला राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा बोळा लावला, आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने यंत्रच बंद केलं. स्लाविशा एक दिवस आधी निघाला. सुनेच्या मते पोरगी नदीत डुंबली म्हणून कान दुखला. पण आजीला ते पटणार कसं?

त्या हिवाळ्यात कोणी आलं नाही. दालिबोर बर्फात घसरायला डोंगरावर गेला, स्लाविशाला सुट्टी नव्हती. नोव्हेंबरात फ्लोरिकाने अंथरूण धरलं आणि फेब्रुवारीत ती गेली. पोरं आली, पण रात्रभर सगळी तळमजल्यावर तिच्या पेटीपाशी मेणबत्त्या लावून बसली होती. झोपायला वर कोण जाणार? माती देऊन झाली आणि त्याच संध्याकाळी गाड्या परत व्हिएन्नाच्या वाटेला लागल्या.

*

त्यानंतरच्या ऑक्टोबरात गवरिलोने तिन्ही खटके चालू केले आणि वरचे दोन्ही मजले एकवीस अंशांवर ठेवले. दिवसरात्र. रोज सकाळी कॉफी घेऊन झाली की दुखरा गुडघा ओढत तो दोन जिने चढायचा, प्रत्येक मजल्यावर कॉरिडॉरच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघायचा. एकवीस. एकवीस. मग खाली यायचा. थर्मोस्टॅट त्याने मुद्दामच कॉरिडॉरमध्ये बसवला होता. पोरं-सुना आत असतील, आकडा बघायला बापाने खोलीत कशाला डोकवायचं, असा त्याचा विचार. आणि खोल्यांची दारं तो उघडत नव्हता. आतल्या गाद्या फ्लोरिकाने घातलेल्या होत्या, उशांचे अभ्रे तिच्या हातचे, कपाटांवर तिने वासासाठी ठेवलेली बिहीची फळं वाळून काळी झालेली असणार. 'दारं लावलेली राहू देत, प्रोमाया होते,' हे तिचं शेवटच्या दिवसांतलं पालुपद होतं. जिवंतपणी त्याने तिचं ऐकलं नव्हतं. आता ऐकत होता.

शेजारची स्तामेना रोज दूध घेऊन यायची. ती विधवा, फ्लोरिकाची शाळेपासूनची मैत्रीण, आणि जीभ अशी की कात्री बरी.

"मिस्त्री, तुझं घर शीळ घालतंय रे."

"तुझे कान वाजतायत."

"माझे वाजायला शाबूत तरी आहेत. घरात शीळ वाजली की उंदीर येतात, सांगून ठेवते."

गवरिलोचा डावा कान ड्रिलने खाल्ला होता आणि उजवा अर्धा. त्याला शीळबीळ काही ऐकू येत नव्हती, त्यामुळे ती नव्हतीच.

"वर कोण राहतं?" स्तामेनाने एकदा विचारलं.

"पोरांचे मजले आहेत."

"ते माहीत आहे. राहतं कोण? आम्ही ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मेलेल्यांसाठी आगटी पेटवतो, वर्षातून एकदा, का तर बिचाऱ्यांनी येऊन हात शेकावेत. तू जिवंतांसाठी बारा महिने पेटवून बसलायस. मेलेले निदान येतात."

"दूध ठेव आणि जा," गवरिलो म्हणाला.

जानेवारीच्या शेवटी फोन आला. स्लाविशा बोलत होता. आईच्या पोमानाला, म्हणजे वर्षश्राद्धाच्या जेवणाला, दोघंही येणार होते, बायका-मुलांसकट, पोरांच्या शाळेला तेव्हाच सुट्टी होती. दोन रात्री राहणार.

"खोल्या गरम असतील ना, बाबा? लेनाला लगेच सर्दी होते."

"हे काय विचारणं झालं? सदऱ्यावर झोपाल!"

फोन ठेवला आणि तो स्वैपाकघरात एकटाच हसला. आकडा त्याने तेवीसवर नेला. आठवडाभर तेवीस. स्तामेना म्हणाली, वर जाऊन खोल्या जरा झाडून, उघडून ठेवते. तो तिच्यावर जवळजवळ ओरडलाच. गाद्या फ्लोरिकाने घातलेल्या आहेत, कोणी हात लावायचा नाही. धुतलेले टॉवेल त्याने स्वतः वर नेले आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर ठेवले. थर्मोस्टॅट बघितला. तेवीस. हॉटेलांत त्याने हजार खोल्या याच आकड्याच्या भरवशावर मालकाच्या ताब्यात दिल्या होत्या.

*

ते आले दुपारी चारला, दोन गाड्या, दारात गुडघाभर बर्फ. लेना मोठी झाली होती, आजोबांना ओळखून हसली. दालिबोरची दोन्ही लहान मुलं गाडीत झोपलेली, त्यांना तसंच उचलून वर नेलं. गवरिलो जिन्याखाली फलकापाशी उभा राहिला. लग्नात वराच्या बापाने उभं राहावं तसा उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळून.

स्लाविशा खाली आला. अंगातला कोट त्याने काढला नव्हता.

"बाबा, वर फ्रीज झालाय."

"काय?"

"फ्रीज! खोल्या. तोंडातून वाफ निघतेय. आणि ही शीळ कसली वाजतेय?"

गवरिलो गुडघा विसरून वर धावला. कॉरिडॉरमध्ये तेवीस. आणि दालिबोरच्या खोलीचं दार उघडं होतं, त्या दारातून तळघरातून यावी तशी थंडी त्याच्या अंगावर आली. सुनेने मुलांना कोटासकट दुलईत गुंडाळलं होतं. दुलई दमट होती. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची फुलं उमटली होती. तो नुसता त्या काचेकडे बघत राहिला.

खुर्चीवर चढून त्याने जाळीला हात लावला. काही नाही. फुंकर म्हणावी एवढीही हवा नाही.

"अर्धा तास द्या मला. शिडी आणतो. कुठे तरी काही तरी..."

"चालू कधी केलंस?" स्लाविशाने विचारलं. "आज सकाळी?"

"ऑक्टोबरपासून चालू आहे."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं गवरिलोला दिसलं, आणि ते पुढे कधी त्याच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

"बाबा," दालिबोर हळू आवाजात म्हणाला, तो धाकटा, मवाळ, "भिंतीला हात लावून बघ. ही भिंत ऑक्टोबरपासूनची आहे?"

"मी सांगतोय ना—"

"आम्ही येणार हे आठवडाभर आधी कळवलं होतं," स्लाविशा म्हणाला. "दोन दिवस. दोन दिवस पेटवायचं होतंस फक्त. गावाला दाखवायला तीन मजल्यांची व्यवस्था, आणि पोरं आली की खटका बंद. याच जागेत झोपायचं म्हटलं की माझी हाडं दुखतात, माहीत आहे तुला? तेव्हा शेगडी आजीच्या खोलीत होती. आता तुझ्या खोलीत आहे. फरक काय पडला?"

तेवीसचा आकडा गवरिलोच्या पाठीमागे कॉरिडॉरच्या भिंतीवर होता, पण तो दाखवून उपयोग काय? त्याचा स्वतःचाच त्या आकड्यावरचा विश्वास उडाला होता.

सुनेने फोनवर घाटाखालच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात खोल्या बघितल्या. मिळाल्या. मुलांना पुन्हा गाडीत घातलं. "उद्या अकराला येतो पोमानाला," दालिबोर म्हणाला आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या हाताने जास्त दुखलं. स्लाविशा रागावला तरी होता.

गवरिलो शिडी घेऊन वर गेला. दालिबोरच्या खोलीतल्या जाळीचे चार स्क्रू काढले. जाळी हातात आली तरी हवा आली नाही. त्याने डक्टमध्ये हात घातला. आत काही तरी मऊ होतं, घट्ट ठासलेलं. आधी वाटलं, मेलेलं जनावर. ओढून काढलं तेव्हा पत्र्याच्या पोटातून गरम हवेचा लोट त्याच्या तोंडावर आला.

हातात लोकरीचा गुंडाळा होता. सुटू नये म्हणून भोवती शिवणीचा दोरा घातलेला, फ्लोरिकाचा टाका, तिरका आणि दाट. त्याने दोरा तोडला. आत दोन लहानसे स्वेटर निघाले, तपकिरी, हिरव्या काठांचे, आजीने विणलेले. एकाच्या गळ्याशी आतून लाल दोऱ्याने 'द' काढलेला होता, शाळेत हरवू नये म्हणून.

शेजारच्या खोलीत आणखी दोन. खालच्या मजल्यावर दोन्ही खोल्यांच्या जाळ्यांमागे स्लाविशाचे. पोराच्या मजल्यावर त्याच पोराचे स्वेटर. फक्त कॉरिडॉरच्या जाळ्या तिने सोडल्या होत्या, कारण कॉरिडॉरमध्ये कोणी झोपत नाही. सगळी हवा तिथूनच निघत होती, जागा अपुरी पडून शीळ घालत होती, आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट इमानदारीने तेवीस दाखवत होता.

गवरिलो दालिबोरच्या पलंगावर बसला. पाऊण तासात खोली अशी गरम झाली की त्याला कोट काढावा लागला. सदऱ्यावर बसून त्याने दालिबोरला फोन लावला.

"झालं. परत या. वर आता भट्टी झालीय."

"काय झालं होतं?"

स्वेटर त्याच्या मांडीवर होता. बोट त्या लाल अक्षरावर होतं.

"झडप अडकली होती," तो म्हणाला.

"बरं झालं सापडलं. पण बाबा, आता पोरं पाण्यात उतरलीयत. उद्या बघू, हं?" मागून पाण्यात उड्या मारल्याचा आणि मुलांच्या किंचाळण्याचा आवाज येत होता.

*

सकाळी स्तामेना मोठं पातेलं घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आज घर गप्प कसं?"

मग तिला स्वैपाकघराच्या टेबलावर घड्या घालून ठेवलेले आठ स्वेटर दिसले. पातेलं खाली ठेवून ती बसलीच.

"काढले नव्हते तिने?"

"तुला माहीत होतं?"

"शिडी मी धरली होती," स्तामेना म्हणाली. तिची जीभ पहिल्यांदाच अडखळत होती. "त्या ऑगस्टात, लेनाचा कान दुखला ना, त्यानंतर. तू बाजारात गेला होतास. म्हणाली, त्याला सांगू नकोस, तो मला वेडी म्हणेल. माझी पोरं आली की त्यांच्या मानेवर हा वारा नको. लोकर आहे, म्हणाली, आरपार थोडी ऊब येईल आणि वारा तेवढा अडेल. मी म्हटलं, अगं हिवाळ्यात? तर म्हणाली, थंडी पडली की काढीन, बघू. मग थंडी पडली आणि ती... मला वाटलं काढले असतील, गवरिलो. देवाशप्पथ."

गवरिलोने स्वेटर उचलून कपाटात, पिठाच्या डब्यामागे ठेवले.

"पोरांना सांग लगेच आल्या आल्या," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते. काल तुला काय काय बोलून गेले ते अख्ख्या आळीने ऐकलंय."

"मांस शिजलं का बघ," तो म्हणाला.

अकराला सगळी जमली. आळीतली माणसं आली. लांब टेबलाच्या डोक्याशी फ्लोरिकाची जागा मांडली होती, ताटली, पेला, तिचा फोटो, जाड पिवळी मेणबत्ती आणि तिच्यासाठी वेगळी भाजलेली पोळी. पोमानात प्रत्येक पदार्थ आधी तिच्या नावाने द्यायचा, मग आपण खायचा. इथे जे तिच्या नावाने देऊ तेच तिला तिकडे मिळतं, विसरलं ते मिळत नाही.

स्लाविशा मुलांचे कोट ठेवायला वर गेला होता. तो खाली येऊन बसला. दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "वर आज छान गरम आहे."

"हो," गवरिलो म्हणाला.

"झडप अडकली होती म्हणे."

"हो."

"बाबा, मी दोन वर्षं तुझ्याच हाताखाली छतात सरपटलोय. मजल्याला झडप एक. ती अडकली तर कॉरिडॉरही गार पडतो. काल कॉरिडॉर तेवीस होता, मी बघितला. आणि दोन मजल्यांच्या चारही खोल्या तेवढ्या गार." त्याने चमचा खाली ठेवला. "खोल्यांच्या जाळ्या हाताने बंद केल्या होत्यास. झडप काय सांगतोस दालिबोरला? तो भोळा आहे म्हणून?"

टेबलावरची माणसं ताटात बघायला लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाहेरच्याने काय बोलावं? स्तामेना सुपाचं भांडं घेऊन मध्येच उभी होती.

"अरे, त्या जाळ्या काही याने—"

"स्तामेना," गवरिलो म्हणाला, "सूप गार होतंय. फ्लोरिकाला आधी वाढ."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली नाही, डोळाही नाही. ती टेबलाच्या डोक्याशी गेली आणि रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटलीत सूप वाढलं. "फ्लोरिका, हे तुला पोचो," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी "देव पोचवो" म्हटलं.

मग गवरिलो मोठ्या आवाजात बोलला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.

"मीच बंद केल्या होत्या. वीज काय फुकट येते? रिकाम्या खोल्या कोण तापवतो?"

"मिळालं उत्तर," स्लाविशा भावाला म्हणाला.

दालिबोर आईच्या ताटलीकडे बघत होता. तो कोणावर रागावला नव्हता, स्वतःशीच बोलावं तसा बोलला.

"आई असती तर खोल्या गरम असत्या."

"हो," गवरिलो म्हणाला. "तिने ठेवल्या असत्या."

त्याने तिच्या ताटलीतलं सूप बघितलं. त्यावरची वाफ संपली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण निदान तो खात असताना समोर पोरं तरी बसलेली होती.

*

दुसऱ्या रात्रीचा विषय निघालाच नाही. तीन वाजता गाड्या निघाल्या. लेनाने आजोबांचा मुका घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडे पैसे नाहीत का, आजोबा?" तिच्या आईने तिला घाईने आत ओढलं.

स्तामेना भांडी घासत होती. तिने पाणी बंद केलं.

"का नाही सांगितलंस, मूर्खा? आठ स्वेटर कपाटात होते! दोन पावलांवर!"

"तिचं वर्ष होतं आज."

"मग?"

"मग काय? आई असती तर म्हणतात ना, म्हणू देत. माझ्यावर चिडायला मी जिवंत आहे. माझं तोंड आहे, उद्या फोन करून भांडेन. तिच्यावर चिडले तर ती काय करेल?" त्याने खिशातला रुमाल काढून नाक पुसलं. "आणि पहिल्यांदा त्यांना थंडीत टाकलं ते आम्ही दोघांनी. अंगणात रडली ती एकटी. मी रडलो नव्हतो. माझ्या नावावर थोडं जास्त लिहिलं गेलं तर काही बिघडत नाही."

स्तामेनाने एप्रनला हात पुसले.

गवरिलो जिन्याखाली गेला. 'दालिबोर' लिहिलेला खटका बंद केला. मग 'स्लाविशा' लिहिलेला. वर पत्र्यात कुठे तरी दोन झडपा मिटल्याचा आवाज झाला, तो स्तामेनाला ऐकू आला, त्याला नाही.

कोट चढवून ती दारात उभी राहिली.

"ईस्टरच्या आधीच्या गुरुवारसाठी माझ्याकडे वाळकी लाकडं आहेत," ती म्हणाली. "फ्लोरिकासाठी आगटी पेटवायची असेल तर घेऊन जा."

"पेटवीन," गवरिलो म्हणाला. "ती तरी येईल शेकायला."